शेवटचं कडवं

"खिडकी लाव, आणि दाराला कडी घाल," मदर टिलरी म्हणाल्या.

झेनोबियामावशीनं सुपाचा वाडगा खाली ठेवला. मदर टिलरींच्या घरी मी तिच्याबरोबर गेले होते. मला वाटलं, मृत्युपत्राचं काहीतरी असणार. चर्चमधल्या या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानानं 'मदर' म्हणायचो. म्हातारी तीन आठवडे अंथरुणातून उठली नव्हती, तरी आमच्या चर्चमधलं पान तिच्यावाचून हलत नव्हतं.

"ते आगगाडीचं गाणं म्हण."

"कुठलं स्तोत्र, मदर?"

"स्तोत्र नाही गं! तंबूतलं. नवरा गाडीत बसून निघून जातो ते."

मावशीनं दाराची कडी पुन्हा एकदा तपासली. तरुणपणी ती तंबूच्या खेळांबरोबर गावोगाव ब्लूज, म्हणजे प्रेमाची नि दुःखाची गाणी, गात हिंडली होती. दोन रेकॉर्डीही निघाल्या होत्या. मग इथे नॅचेझ गावात येऊन तिनं इस्त्रीचं काम धरलं, चर्चच्या गायकवृंदात उभी राहिली आणि सुखी झाली. अगदी मनापासून सुखी. पण चर्चच्या लेखी ब्लूज म्हणजे सैतानाची गाणी. वृंदाचा निळा झगा देताना याच मदर टिलरींनी तिला बायबलवर हात ठेवायला लावला होता: पुन्हा ब्लूज गायलीस, तर झगा उतरवून वृंद सोडायचा. एकोणीस वर्षं तिनं शब्द पाळला. इस्त्री फिरवतानासुद्धा ते सूर कधी गुणगुणली नाही.

"शपथ तुम्हीच घातलीत, मदर."

"मला नको शिकवूस. तेवीस साली आजारी बहिणीला बघायला जाते असं सांगून मी घरातून निघाले, नि तुमच्या तंबूमागे चिखलात उभी राहिले. दोन कडवी ऐकली, तेवढ्यात आमच्या नवऱ्याची खेचरगाडी दिसली. पळत सुटले. पस्तीस वर्षं झाली गं. गाण्यातला तो मेला परत आला की नाही?"

मला हसू आवरेना. मावशी मात्र हसली नाही. तिच्या गाण्यांना ठरलेलं शेवटचं कडवं नसायचंच; समोरची माणसं बघून ती रोज नवं जुळवायची. त्या दिवशीचं तिला कुठून आठवणार?

तिनं म्हातारीकडे बराच वेळ पाहिलं आणि मग गायला लागली. पहिली दोन कडवी हळू आवाजात. म्हातारीची बोटं गोधडीवर ठेका धरू लागली. तिसऱ्या कडव्यात तो परत आला, दार वाजवू लागला. बाईनं मक्याची गरम भाकरी काढली, तिला लोणी लावलं आणि एकटीनं बसून सगळी खाल्ली.

"दार?"

"नाही उघडलं."

"बरी खोड मोडली मेल्याची!" मदर टिलरी म्हणाल्या आणि डोळे मिटून समाधानानं पडून राहिल्या.

परतताना मी म्हटलं, "कुणाला कळणार नाही, मावशी."

"मला कळलंय की."

रविवारी तिनं झगा इस्त्री करून, घडी घालून वृंदातल्या आपल्या खुर्चीवर ठेवला. आमच्या पाद्र्यांना, रेव्हरंड गेन्सना, एवढंच म्हणाली, "ब्लूज गायले. कुणासाठी ते विचारू नका." आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात दार उघडलं. दोन दांडगे नातू मदर टिलरींना स्वयंपाकघरातल्या खुर्चीसकट उचलून आत आले. पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, सगळा थाट जागच्या जागी. नातू सवयीनं पुढच्या बाकाकडे, आजीची उशी कायम असते तिकडे, निघाले.

"तिकडे कुठे? मागे घ्या. हिच्याशेजारी."

सगळं चर्च वळून बघायला लागलं.

"बघताय काय? मी गायला लावलं, नि कान देऊन ऐकलं. मग मीही इथंच."

रेव्हरंडनी स्तोत्राचं पान काढलं. वृंदानं सुरुवात केली. मावशीवाचून पहिली ओळ पार लटपटली.

म्हातारीनं तिच्या बरगडीत कोपर खुपसलं. "गा की! झग्यानं गातेस होय?"

मावशी बसल्या जागेवरून गायली. पुढच्या बाकावर मदर टिलरींची उशी रिकामी पडली होती.