मऊ स्प्रिंग

वजन पंचावन्न किलोच्या खाली गेलं तर निमूटपणे मुलीकडे राहायला जायचं, असं बायको गेल्यावर काटेवाल्यानं कबूल केलं होतं. घर आणि दुकान सोडायची त्याची अजिबात तयारी नव्हती. पण एकट्यापुरता स्वयंपाक करायचाही कंटाळा. सहा महिन्यांत गडी पन्नासावर आला.

ताणकाटे दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलेली. मुलगी वजन बघायला यायच्या दिवशी सकाळीच त्यानं पोती तोलायच्या मोठ्या काट्याची स्प्रिंग काढली आणि बारीक तारेची बसवली. मऊ स्प्रिंग तेवढ्याच भाराला जास्त ताणली जाते, आणि काटा बिचारा ताण दाखवतो, माणूस बघत नाही.

मुलगी आली. काट्याला टांगलेल्या फळीवर बसून त्यानं पाय उचलले. साठ.

"बघ तायडे, पोट सुटायला लागलंय."

"गालफडं तर बसलीत."

"वयानं चरबी खाली उतरते."

"तुम्हीही उतरा. मी बसते."

"कशाला? जुनी फळी आहे."

पण ती बसलीसुद्धा. काटा बहात्तरावर गेला. काटेवाला खिडकीबाहेर बघू लागला.

"काल दवाखान्यात माझं साठ भरलं," ती म्हणाली. याच दुकानात वजनं रचून खेळत ती मोठी झाली होती. "साठाचे बहात्तर, म्हणजे पाचाचे सहा. तुमच्या साठाचे झाले पन्नास. पिशवी भरा, बाबा."

"रात्री जेवलीस ना भरपूर..."

"बारा किलो?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "युक्ती माझी नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांनी तुझ्या आईला वजन उतरवायला सांगितलं होतं, तेव्हा तिनं माझ्याकडून जाड तारेची स्प्रिंग बसवून घेतली होती. वर्षभर तू तिला शाबासकी देत होतीस."

मुलगी हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले.

"मी पंधरा दिवस इथंच राहते," ती म्हणाली. "समोर बसवून जेवायला घालते. तरी पंचावन्न भरलं नाही, तर उचलून नेईन."

तिनं नवऱ्याला फोन लावला. जावयानं एका दमात "खुशाल राहा" म्हटलं. फोन ठेवून ती जरा विचारात पडली.

"इतक्या लगेच हो म्हणाले?"

"सासऱ्याची काळजी वाटते त्याला," काटेवाला गंभीरपणे म्हणाला आणि दोन ताटं काढायला उठला.