बिनधुराची शेगडी

साखऱ्याच्या मसाजीने बरीच मेंढरं विकली आणि २००४ साली त्याच्या पोराने, परमेश्वरने, स्लॅबची खोली बांधली. लोखंडी खिडक्या, घट्ट बसणारं दार, आतून पांढरा रंग. मागच्या मातीच्या माळवदात मग कोकरं बांधायला लागले.

माळवदाच्या छताला मधोमध वीतभर भोक होतं, सानं. धूर त्यातून जायचा. स्लॅबला सानं ठेवायचं का, असं गवंड्याने विचारलं तेव्हा परमेश्वर हसला. "चूल तर बाहेर हाय. गळायला ठेवू का?"

त्या पौषात त्याची बहीण राधिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. दवाखान्यातून आणल्यावर आईने, बनाबाईने, नव्या खोलीत तिची बाज टाकली. खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोधडी दाबली, बाजेखाली शेगडी सरकवली. तिची स्वतःची बाळंतपणं माळवदात अशीच निघाली होती, गोवऱ्यांच्या शेकावर. इथे भिंती काळ्या पडतील म्हणून परमेश्वरने कोळसा आणला.

"बघ माय, धूरच न्हाई."

"लेकीची मजा हाय बाबा," बनाबाई म्हणाली. "आमी तर धुरात रडत रडत बाळंत झालो."

दुसऱ्या दिवसापासून राधिकाचं डोकं ठणकू लागलं, मळमळायला लागलं. वारं लागलं, असं म्हणून बनाबाईने कोळसा वाढवला.

परमेश्वरची बायको शिवकन्या बारावीपर्यंत विज्ञान शिकली होती. राधिकाला न्हायला बाहेर नेलं की डोकं उतरतं आणि खोलीत आणलं की पुन्हा चढतं, हे तिने दोनदा पाहिलं.

"आत्याबाई, एक खिडकी उघडी ठेवू. कोळशाचा वायू राहतो कोंडून. तो दिसत न्हाई, त्याचा वास बी येत न्हाई."

"दिसत न्हाई, वास न्हाई, अन् तुला बराबर सापडला?"

"तुमी माळवदात काय करत होता, डोळे झोंबले की?"

"दार उघडत होते. न्हाई तर गुदमरून मेलेच असते."

"इथं डोळे झोंबतच न्हाईत, आत्याबाई. मग दार कोण उघडंल?"

बनाबाईने दाराखालची गोधडी पायाने आत दाबली. मग म्हणाली, "थंडी उतरू दे. ओल्या बाळंतिणीला वारं लागलं तर जल्मभर तकलीफ. ते तुह्या पुस्तकात न्हाई."

संध्याकाळी शिवकन्येने एका फटीतल्या चिंध्या ओढून काढल्या. दिवा लावायला आलेल्या बनाबाईने त्या परत कोंबल्या.

सकाळी पाचवीच्या पूजेची तयारी करायची म्हणून बनाबाई दार लोटून आत गेली. राधिका उलटी करून बाजेवरून अर्धी खाली लोंबकळत होती. श्वास चालू होता. लेकरू गोधडीत गुलाबी दिसत होतं, गाल चांगले भरलेले. "झोपलंय गं," असं म्हणत बनाबाईने आधी लेकीला बाहेर ओढलं, मग परत येऊन त्याला उचललं. उन्हात आल्यावर त्याची मान कलंडली.

राधिका हिंगोलीच्या दवाखान्यातून वाचून आली. ती खोलीच्या दाराशीच थांबली आणि माळवदात, कोकरांशेजारी जाऊन बसली.

त्याच दिवशी बनाबाई पहार घेऊन स्लॅबवर चढली.

"माय, उतर. काहून फोडून राहिलीस?" परमेश्वर खालून म्हणाला.

बनाबाई स्लॅबच्या मधोमध पहार घालत राहिली. शिवकन्या आत गेली आणि फटींतल्या चिंध्या एकेक करून काढू लागली. डोक्यावरच्या स्लॅबवर घाव पडत होते. सिमेंट पक्कं होतं. ऊन कलेपर्यंत वर करवंटीएवढा खड्डा पडला आणि सळई उघडी झाली. खोलीत मात्र छत अजून पांढरंच होतं, साधी चीरही नव्हती.