मी लवकर मिटलो ती दुपार

मित्रांनो, मी भिंत नाही. पण वीस वर्षे मी भिंतीचे काम केले. मी शाळेतल्या एका लांब खोलीचा जुना पडदा आहे. शिंप्याने जाड तपकिरी कापडाच्या सहा पट्ट्या जोडून मला शिवले, वर पितळी कड्या लावल्या आणि तारेत ओवले. खोली एक, वर्ग दोन आणि मधे मी. एका अंगाला पाढे चालत, दुसऱ्या अंगाला कविता. मला अक्षरे आली ती अशीच, उशिरा आणि ऐकून ऐकून. येता-जाता मुले शाईचे हात मला पुसत. मला राग येत नसे. भिंतीच्या इतके जवळ कोण जाते?

वर्षातून एकदा मात्र माझा तोरा असे. नाटकांच्या दिवशी मला धुऊन पुन्हा तिथेच टांगत. माझ्या एका बाजूला रंगमंच, दुसऱ्या बाजूला आईबापांची गर्दी. एक दोरी ओढली की मी उघडायचो, दुसरी ओढली की मिटायचो. प्रत्येक वर्गाला पंधरा मिनिटे मिळत. मी मिटलो की त्या वर्गाचे नाटक संपले, असा नियम होता.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी दोऱ्या दोन बहिणींतल्या थोरलीच्या हातात होत्या. तिची जिवलग मैत्रीण नाटकात दीपगृहाचा म्हातारा रखवालदार झाली होती. या मैत्रिणीचा आवाज असा, की सगळे तिला तोफ म्हणत. वादळात वाट चुकलेली पोर झाली होती थोरलीची धाकटी बहीण. तिला खालच्या वर्गातून थोरलीनेच आणले होते.

तोफेचे वडील बस चालवत. लेकीचे एकही नाटक त्यांना बघायला मिळाले नव्हते. या वेळी ते पाळी बदलून आले होते. शेवटचे लांबलचक भाषण तोफेने त्यांच्यासाठीच राखून ठेवले होते. घरी एकदाही म्हणून दाखवले नव्हते.

नाटकाआधी बहिणींची आई माझ्या आडोशाला धाकटीची वेणी घालत होती. ती थोरलीला म्हणाली, "हिच्याकडे लक्ष ठेव गं. फजिती झाली तर आठ दिवस घर डोक्यावर घेईल ही."

नाटक छान रंगले. शेवटी धाकटीने विचारायचे होते, "आजोबा, माझं घर कोणत्या बाजूला?" आणि मग तोफेचे भाषण. पण धाकटीने समोरची गर्दी पाहिली आणि ती गप्पच झाली. पुढच्या रांगेत कोणीतरी फिदकन हसले. तिची हनुवटी थरथरू लागली. थोरलीने दोरी ओढली.

मी मिटलो. दोरीपुढे पडद्याचे काय चालणार? पण मिटता मिटता मी पाहिले, की तोफेने वाकून धाकटीच्या कानात वाक्य सांगितले होते. धाकटीने तोंड उघडलेही होते. तेवढ्यात मी आडवा आलो.

बाहेर टाळ्या झाल्या.

"अगं, माझं भाषण राहिलंय. उघड ना," तोफ म्हणाली.

थोरलीने बाईंकडे पाहिले. बाईंनी घड्याळ पाहिले. "पुढचा वर्ग उभा आहे गं. आता नाही."

"का ओढलीस?"

"ती रडली असती. माझी बहीण आहे ती."

तोफेने कापसाची मिशी उपटली. "बाबा आलेत हे माहीत होतं ना तुला?" तोफेचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बाहेर तिचे वडील म्हणाले, "छान झालं हो. जरा लवकर आटोपलं, नाही?"

दुसऱ्या दिवशी तोफ जागा बदलून माझ्याजवळ येऊन बसली. थोरली तिकडे खिडकीशी. आठ दिवस दोघींत शब्द नाही. मैत्री आता मोडणार, असे मला वाटले. मग एका मधल्या सुट्टीत पलीकडच्या वर्गातून माझी कड उचलून धाकटीने डोके आत घातले. वर्गात थोरली एकटीच होती.

"ताई, एक सांगू? तोफताईने मला कानात सांगितलं होतं. मी बोलणारच होते."

थोरली म्हणाली, "मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"तू माझ्यासाठी केलंस ना. तुला वाईट वाटलं असतं."

थोरली तशीच उठून मैदानावर गेली. येताना दोघी बरोबर होत्या. तोफ कुरकुरत होती, "पण मिशी फेकून दिली मी."

"घरी कापसाची अख्खी उशी आहे," थोरली म्हणाली.

शनिवारी दोन फेऱ्यांच्या मधे तोफेचे वडील गणवेशातच आले आणि मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. त्यांच्यासाठी नाटक पुन्हा झाले. प्रेक्षक तेवढा एकच. धाकटी त्याच वाक्यापाशी पुन्हा अडली. थोरलीची मूठ दोरीवर आवळली. मला ती कडीकडीत जाणवली. पण तिने दोरी ओढली नाही. तोफ वाकली. धाकटीने घर विचारले. मग ते भाषण असे काही गरजले, की माझ्या कड्या तारेवर किणकिणल्या. त्या दिवशी बस चार मिनिटे उशिरा सुटली म्हणे.

आता तिथे विटांची भिंत आहे आणि मी पेटीत घडी होऊन पडलो आहे. मित्रांनो, कधीतरी मला ऊन दाखवा, नाहीतर कसर लागेल. आणि आपल्या माणसाला झाकायला दोरी ओढाल, तेव्हा आधी आत डोकावून बघा. कोणीतरी वाकून त्याच्या कानाशी लागलेले असेल.