एका घरातली दोन माध्यमं

राजरत्न मोहितेच्या घरात जूनपासून दोन माध्यमं सुरू झाली. वरळीच्या बीडीडी चाळीतली एक खोली, त्यात माणसं पाच. पण धाकटी ऋता इंग्रजी माध्यम आणि थोरली यशोधरा मराठी माध्यम, अशी त्या खोलीची सरळ वाटणी झाली.

पालिकेने इंग्रजी शाळा काढली होती. शहरातल्या कुणीही मुलासाठी अर्ज करावा, फी नाही, पण जागा थोड्या म्हणून लॉटरी. ऋताचं नाव लागलं तेव्हा राजरत्नने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. यशूचं वय नियमात बसत नव्हतं. ती त्याच इमारतीत मराठी शाळेत आठवीला होती. सकाळी इंग्रजी भरायची, दुपारी मराठी. बाकं तीच, फळाही तोच. दुपारच्या मुलांनी सकाळचं इंग्रजी पुसायचं आणि आपलं लिहायचं.

यात यशूचा काय दोष? काहीच नाही. पण घर हळूहळू बदललं. ऋतासाठी रोज उकडलेलं अंडं आलं, कारण म्हणे तिच्या डोक्याला ताण असतो. तिच्यासाठी टेबल आलं आणि यशूचा अभ्यास चटईवर गेला. पाहुणे आले की ऋताने कविता म्हणायची आणि यशूने चहा आणायचा. राजरत्न माझगावच्या गोदीत स्टोअरकीपर होता. साहेबलोकांच्या इंग्रजीपुढे त्याने कायम मान खाली घातलेली. धाकटीच्या तोंडून 'मे आय कम इन' ऐकलं की गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. थोरली बोलेनाशी झाली आहे, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. उलट तो चारचौघांत सांगायचा, "आमची यशू फार समजूतदार आहे हो!" समजूतदार! ज्या मुलाच्या वाट्याचं काढून घ्यायचं असतं, त्याला आपण आधी हे विशेषण देऊन ठेवतो.

बायको माया परळच्या एका नर्सिंग होममध्ये सकाळपाळीला जायची, राजरत्नही लवकर निघायचा. त्यामुळे ऋताला शाळेत सोडायचं काम यशूचं. घरातल्याच जुन्या ड्रेसवर, ऋताची बॅग खांद्याला अडकवून ती निघायची. परत आणायला आजी, म्हणजे राजरत्नची आई कमलाबाई जायची.

पालकसभेच्या दिवशी राजरत्न कडक इस्त्री करून गेला. ऋताच्या वर्गशिक्षिका विनिफ्रेड मिस तोंडभर हसल्या आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मिस्टर मोहिते, एक बोलू? राग नका मानू. सकाळी ऋताला सोडायला जी मुलगी येते, ती बारा-तेरा वर्षांची असेल ना? एवढ्या लहान पोरीला तुम्ही कामाला ठेवता?"

"आमच्याकडे कामाला कोणी नाही, मिस."

"असं कसं? मी स्वतः विचारलं तिला, तू कोण? म्हणाली, मी ह्यांच्याकडे कामाला आहे. तुम्ही शिकलेले माणूस. तिला शाळेत घाला हो! मी मदत करते पाहिजे तर."

राजरत्नच्या पायाखालची जमीन सरकली. त्याने शेजारी उभ्या असलेल्या ऋताकडे पाहिलं.

"ताईनेच सांगितलंय," ऋता रडवेली होऊन म्हणाली, "शाळेत आलो की ताई म्हणायचं नाही."

"मिस, ती माझी मोठी मुलगी आहे," राजरत्न कसाबसा बोलला. "दुपारी इथेच शिकते, मराठी शाळेत."

विनिफ्रेड मिसचा हात तोंडावर गेला. "जीझस! मग तिने असं का सांगितलं?"

राजरत्नने ऋताचा हात धरला. शाळा सुरू झाली त्या दिवशी आपणच यशूला काय बजावलं होतं, ते त्याला आठवत होतं. 'गेटवर तू तोंड उघडू नकोस. त्या मिस इंग्रजीत विचारतील, तू अडखळशील, ऋताचं इम्प्रेशन खराब होईल.'

तो घरी आला तेव्हा यशू गॅलरीत बसून ऋताच्या बुटांना पॉलिश करत होती.

"यशू, मिसना तू काय सांगितलंस?"

तिचा हात थांबला. तिला ओरडा बसेल असं वाटलं असावं. "तुम्हीच म्हणालात ना पप्पा, बोलू नको म्हणून. पण त्यांनी विचारलंच. बहीण म्हटलं असतं तर त्या इंग्रजीत बोलल्या असत्या. कामवालीशी सगळे मराठीतच बोलतात."

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली असती तरी बरं झालं असतं! तिने ते साधं, हिशेब सांगावा तसं सांगितलं आणि पुन्हा ब्रश उचलला.

राजरत्न आत येऊन बसला. कमलाबाई तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आये, मी काय करणार होतो?" तो म्हणाला. "सीट एकीलाच मिळाली."

"सीट एकच होती, कबूल. बाजारात अंडंपण एकच होतं का रे?" कमलाबाईने सूप खाली ठेवलं. "लोकांनी आपल्याला दाराबाहेर बसवलं, तेव्हा आपण काय कमी भांडलो? आणि तू तुझ्याच घरात एक पोर दाराबाहेर बसवलीस. शाळा निवडायला गेलास राजा, आणि पोरगी निवडून आलास! मीपण बघत बसले, माझंपण चुकलं."

राजरत्न ओंजळीत तोंड घालून रडला. त्याला रडताना त्या घराने पहिल्यांदाच पाहिलं.

सोमवारी त्याने गोदीत उशिरा येतो म्हणून कळवलं. दोन अंडी उकडली. दोघींना घेऊन तो गेटवर गेला आणि सगळ्या पालकांसमोर मोठ्याने म्हणाला, "मिस, ही यशोधरा. माझी थोरली मुलगी. आठवीत आहे, ह्याच शाळेत!"

"यशोधरा, सॉरी बाळा," विनिफ्रेड मिस मराठीतच म्हणाल्या. "मी ओळखायला चुकले."

यशूने वर पाहिलं नाही. "हळू बोला ना पप्पा," ती पुटपुटली, "सगळे बघतायत." राजरत्नने तिच्या खांद्यावरची ऋताची बॅग घ्यायला हात पुढे केला, तर तिने पट्टा घट्ट धरला.

"राहू दे पप्पा. सवय आहे."

मंडळी, ही सवय एका सोमवारी सुटणारी नव्हती. सुटेल की नाही, हे राजरत्नलाही ठाऊक नाही. तो आता रोज दोघींच्या वह्या उघडून बसतो, आणि थोरली अजून विचारल्याखेरीज बोलत नाही. सगळ्याच शाळा चांगल्या असत्या तर चिठ्ठ्या टाकायची पाळीच आली नसती. त्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून जरूर भांडू या. तोवर आपल्या मुलांसाठी शाळा निवडा, हजारदा निवडा. पण लॉटरीचा निकाल शाळेच्या फळ्यावरच ठेवून या, तो घरात आणून ताटात वाढू नका!