पंपावरचा पाहुणा

भिडस्त माणसं जगात पुष्कळ असतात, पण बरंबरं हा त्यांचा मुकुटमणी होता. धंदा पंपदुरुस्तीचा. हात चांगला, डोकं चांगलं, फक्त तोंडातून 'नाही' हा शब्द निघत नसे. कुणी काहीही सांगितलं की हा मान डोलवून 'बरं, बरं' म्हणायचा, म्हणून सासऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये त्याचं नावच तसं पडलं. बायको रागावली की तीही त्याला त्याच नावाने हाक मारायची. मागे एकदा तो एका घरी पंप खोलायला गेला, तर शेजारणीने त्याच्याकडून भिंतीत खिळे मारून घेतले, तिच्या जावेने शिलाई मशीनला तेल घालून घेतलं, आणि दोघींनी मिळून कपाट या खोलीतून त्या खोलीत हलवून घेतलं. पंप राहिला तसाच. असं एकदा नाही, वरचेवर व्हायला लागलं.

शेवटी त्या सकाळी सासऱ्यांनी विषय काढलाच.

"जावईबापू, डोंगराकडच्या गेस्टहाऊसचा पंप बंद पडलाय. बाई फोन करकरून थकल्या. संध्याकाळी मी स्वतः त्यांना फोन लावून विचारणार आहे. तुम्ही पाणी चढवलं असेल तर ही गाडी कायमची तुमच्याकडे, बाहेरगावची सगळी कामं तुमची. नसेल चढवलं तर गाडी थोरल्या जावयांना, आणि तुम्ही दुकानात बसून नटबोल्ट निवडायचे."

थोरले जावई, म्हणजे बरंबरंचे साडू, तिथेच गाडीला टेकून शीळ घालत होते. त्यांनी गाडीची काचसुद्धा पुसून ठेवली होती, आणि कुणासाठी ते सांगायची गरज नव्हती.

"बरं, बरं," बरंबरं म्हणाला. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि या बहिणीने आता त्याच्या घरी बिऱ्हाड थाटायचं ठरवलेलं दिसत होतं.

गेस्टहाऊसकडे जाणारी शेवटची वाट इतकी अरुंद होती की गाडी खाली ओढ्याच्या पुलापाशीच सोडावी लागली. बरंबरंची कामाची एक पद्धत होती. पहिल्या फेरीला हात हलवत जायचं, पंपाचा आजार बघायचा, आणि मग लागतील तेवढीच हत्यारं न्यायची. त्यात बायकोने इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला लावला होता, का तर समोरच्यावर छाप पडावी. असा हा मोकळ्या हातांचा, पांढऱ्या शर्टातला माणूस ऐन जेवणाच्या वेळेला दारात उभा राहिला. दार उघडलं ते मालकीणबाईंनी. त्यांना सगळा मुलूख मावशी म्हणायचा.

"या, या. केव्हाची वाट बघतोय. चालत आलात वाटतं?"

"मी ते पंपा..."

"एक अक्षर बोलू नका. आधी जेवण."

हा त्या घराचा नियम होता, मावशींच्या सासूबाईंनी घालून दिलेला. भुकेल्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही आणि त्यालाही काही बोलू द्यायचं नाही. आधी ताट, मग नावगाव. त्या घरात दोन-दोन दिवस राहून, भरपेट जेवून, नाव न सांगता गेलेले पाहुणे होते. त्या दिवशीही एक पाहुणे यायचे होते, एकटेच, आणि मावशींना त्यांच्याबद्दल यापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

बरंबरंला लांबलचक टेबलाच्या टोकाला बसवण्यात आलं. भट्टीतून नुकताच निघालेला पाव आला, त्यावर लोणी आलं, मग कोंबडीचा रस्सा, सालीसकट भाजलेले बटाटे, वाटाण्याची भाजी. वास असा की शेजारच्या घरातला आजारी माणूस उठून बसावा. त्याने पहिला घास घेतला आणि ठरवलं की हा घास गिळला की सांगून टाकायचं. तेवढ्यात मावशींनी तोंड उघडलं.

"पाणी जरा जपून वापरा हं. पंप बंद आहे. तो मेला मिस्त्री येतो येतो म्हणतो आणि उगवत नाही. येऊ दे एकदा, अशी हजेरी घेते त्याची की सात पिढ्या पाण्याला शिवणार नाहीत. रस्सा वाढू?"

"बरं, बरं."

"त्याच्या आधीचा एक आला होता, त्याला मी वेड्यासारखं आधी जेवायला घातलं. जेवला, झाडाखाली आडवा झाला, आणि उठून गेला तो गेलाच. तेव्हापासून आमचा दुसरा नियम. कामाला आलेल्या माणसाला काम झाल्याशिवाय पावाचा तुकडा नाही. आणखी बटाटे?"

"बरं, बरं."

आता तोंड कुठल्या तोंडाने उघडणार? सांगावं तर कामाआधी जेवल्याचा गुन्हा, न सांगावं तर नटबोल्ट. मावशींचे यजमान, काका, मागच्या विहिरीवरून बादल्या भरभरून आणत होते आणि दर फेरीला खांदा चोळत होते. ते पाहून बरंबरंला स्वतःची फार लाज वाटली. लाज वाटली की त्याला भूक लागते, म्हणून त्याने आणखी एक पाव घेतला.

तेवढ्यात दारात दुसरा माणूस आला. टक्कल, चष्मा, कोपरापर्यंत काळे झालेले हात, आणि एका हातात पाना. हे खरे पाहुणे. बँकेतून निवृत्त झालेले मोठे साहेब होते, आणि वाटेत गाडीचं चाक बदलता बदलता त्यांचा असा अवतार झाला होता.

"जरा पाणी मिळेल का?" साहेबांनी विचारलं.

"पाणी असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "ही यायची वेळ? जेवणाचं नावसुद्धा काढू नका. चला मागे, विहिरीवर."

साहेब क्षणभर गोंधळले. पण हल्ली खेड्यातल्या गेस्टहाऊसमध्ये शहरातल्या लोकांना मुद्दाम कामं करायला देतात, कुणी गाईची धार काढतं, कुणी बटाटे काढतं, असं त्यांच्या सुनेने त्यांना सांगितलं होतं. हा तोच कार्यक्रम असणार, असं त्यांनी धरलं, आणि मुकाट्याने मावशींच्या मागून चालू लागले. बरंबरं हातात पाव धरून बघतच राहिला. मधे उठून काही बोलायचं त्याने ठरवलंही, पण मावशी परत आल्या त्या दुधात शिजवलेल्या गोड भाताचं पातेलं घेऊनच.

अखेर पाय मोकळे करून येतो, असं सांगून तो विहिरीवर पोहोचला. चालताना पोट आधी पोहोचत होतं आणि मागून तो. साहेब पंपापाशी उकिडवे बसून, ढिले नसलेले नट जिवाच्या आकांताने आवळत होते. चष्म्यावर चिखल उडाला होता आणि चेहरा विलक्षण आनंदी होता.

"साहेब, एक सांगायचंय. मिस्त्री मी आहे."

साहेबांनी पाना खाली ठेवला. "मग मी कोण?"

"तुम्ही पाहुणे. तुमचं जेवण मी जेवलो."

साहेबांना हे समजायला थोडा वेळ लागला. मग ते इतके हसले की विहिरीवरचे पारवे उडाले. हसून झाल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "पाव उरलाय का?"

बरंबरंने खिशातून दोन पाव काढून दिले. भिडस्त असला तरी माणुसकी होती त्याच्याकडे. साहेबांनी ते उभ्या उभ्या संपवले.

"तुम्ही व्हा बाजूला, मी करतो काम," बरंबरं म्हणाला आणि वाकायला गेला. पण वाकणं शक्य नव्हतं. गुडघा आणि छाती यांच्यामध्ये कोंबडी, बटाटे आणि गोड भात ठाण मांडून बसले होते. त्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून मावशींचा आवाज आला, "पाहुणे, त्या मिस्त्रीच्या नादाला लागू नका. शर्ट खराब होईल."

"राहू द्या," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही सांगा, मी करतो. निवृत्त झाल्यापासून मला कुणी एक काम सांगितलेलं नाही. घरी पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात. पाणी येईपर्यंत काही बोलू नका, तुमच्या पाया पडतो."

मग उलटं राज्य सुरू झालं. मिस्त्री खिशात हात घालून उभा, आणि साहेब चिखलात पालथे. मोटर फिरत होती पण पाणी चढत नव्हतं. बरंबरंने कान देऊन ऐकलं आणि सांगितलं की पंप हवा ओढतोय, विहिरीतून येणाऱ्या पाइपच्या जोडातलं रबर फाटलेलं असणार. नवं रबर आणि मोठा पाना गाडीत होता. साहेबांना किल्ली देऊन खाली पाठवलं, तर मावशी खिडकीतून ओरडल्या, "अहो, पळाला तो मिस्त्री, धरा त्याला." काका बादली टाकून मागे धावले. थोड्या वेळाने दोघे हत्यारांची पेटी दोन बाजूंनी धरून, गप्पा मारत वर आले. काकांनी परत येताना साहेबांना सगळं पुराण ऐकवलं होतं, खांदेदुखीपासून सासूबाईंच्या नियमापर्यंत.

जुनं रबर निघालं, नवं बसलं. बरंबरं वरून 'उलटं फिरवताय, उलटं' म्हणत होता आणि साहेब 'हो सर' म्हणत होते. पंपात पाणी भरून हवा काढली, बटण दाबलं, पाइप दोनदा खोकला, आणि वरच्या टाकीत धो धो पाणी पडायला लागलं. काका नळाखाली हात धरून नुसतेच उभे राहिले. दोन बादल्यांची सवय झालेला माणूस तो, नळ बंद करायचं त्यांना सुचेना.

मावशींचा राग पाण्याबरोबर वाहून गेला. त्यांनी साहेबांना आंघोळीला पाठवलं, मग टेबलाशी बसवलं आणि मिस्त्रीचं राखून ठेवलेलं ताट पुढे केलं. समोर बरंबरंलाही बसवलं आणि संध्याकाळचा म्हणून गोड भाताचा वाडगा दिला. साहेब मान खाली घालून जेवत होते. तोंडाला विश्रांती नव्हती. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

बरंबरंच्या सासऱ्यांचा आवाज फोन नसला तरी ऐकू यावा असा होता, त्यामुळे दोन्ही बाजू सगळ्यांना नीट कळत होत्या.

"पाणी आलं का, बाई?"

"आलं तर. तुमचा मिस्त्री म्हणजे सोन्यासारखा माणूस. उशीर केला, पण कामाला वाघ. वयाने जरा मोठे आहेत, टक्कल पडलंय, तरी चिखलात लोळून काम केलं हो."

"टक्कल?"

"अगदी गुळगुळीत."

सासऱ्यांचा आवाज खाली उतरला. "आमच्या जावयांना डोकंभर केस आहेत, बाई. म्हणजे ते आलेच नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी गळ घातली असणार, किंवा वाटेत कुणाचं कपाट हलवत बसले असतील. ठीक आहे. गाडी उद्या थोरल्यांना देतो."

साहेबांनी घाईघाईने काही सांगायचा प्रयत्न केला, पण तोंडात आख्खा बटाटा होता. बरंबरंचे कान तापले. त्याला साडूंची शीळ आठवली, आणि संध्याकाळी घरी बायको काही न विचारता नुसती तोंडाकडे बघेल, तेही दिसलं. ते त्याला सहन होईना.

"मावशी, मला बोलायचंय."

"आधी तेवढा भात संपवा," मावशी फोन कानापासून दूर धरून म्हणाल्या. "या घरात जेवताना..."

"नाही."

तो उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "नाही, मावशी. आधी बोलणं. मिस्त्री मी आहे. तुमचे पाहुणे ते. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत आणि मी बोललो नाही, दोघांचं चुकलं. रबर कुठलं फाटलं ते मी ओळखलं, हात त्यांचे लागले, कारण तुमचं जेवून मला वाकता येत नव्हतं."

मावशी मटकन खाली बसल्या. फोन वायरीला लटकत राहिला. सासूबाईंच्या काळापासून त्या घरातून कुणी भुकेलं गेलं नव्हतं, आणि त्यांनी पाहुण्याला उपाशीपोटी चिखलात घातलं होतं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. साहेबांनी बटाटा गिळला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"मावशी, मी पुढच्या महिन्यात परत येतो. पण काहीतरी मोडून ठेवा."

लटकलेल्या फोनमधून कुणीतरी हाका मारत होतं. काकांनी तो उचलून मावशींच्या कानाला लावला.

"बाई, मघाशी 'नाही' कोण म्हणालं?" सासऱ्यांनी विचारलं. "आवाज आमच्या घरातला वाटला, पण शब्द आमच्या घरातला वाटला नाही."

"तुमचेच जावई," मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

"माझा विश्वास नाही बसत."

मावशी उठल्या. त्यांनी पातेल्यातून भाताचा भरघोस डाव भरला, बरंबरंच्या वाडग्यावर धरला, आणि दुसऱ्या हाताने फोन त्याच्या तोंडापाशी नेला. "वाढू रे?"

बरंबरंने वाडग्यावर हात आडवा धरला. "नाही, मावशी. पुरे."

मग सासरे एवढंच म्हणाले की अंधार पडायच्या आत निघा, पुलावर वळण वाईट आहे, आणि गाडी उद्या इकडे आणू नका, तुमच्या दारातच लावा.

मावशी भरलेला डाव हातात धरून उभ्याच होत्या. त्या घरात त्यांच्या डावाला आजवर कुणी अडवलं नव्हतं, त्यामुळे आता त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो साहेबांच्या ताटात रिकामा केला. बरंबरंने पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि साहेबांसमोर हात पसरला.

"साहेब," तो म्हणाला, "माझ्या गाडीची किल्ली."