माहेरची लाखोळी

किरनापूरकडच्या अनुसयेला भावाचं कौतुक करताना तोंड दुखायचं नाही. तिचा नवरा सुखराम याच भावाच्या, प्रेमलालच्या शेतावर सालदार. मजुरी मिळे ती लाखोळीत, म्हणजे धान निघाल्यावर त्याच बांधीत, धानाच्या खाचरात, पिकणाऱ्या स्वस्त डाळीत. बाकीच्या सालदारांना मोजून, अनुसयेला पायलीभर वर. "बहीण हाय माही," म्हणायचा लेकाचा!

त्या उन्हाळ्यात सुखरामचे पाय ताठले. टाचा टेकेनात, गुडघे एकमेकांत अडकायला लागले. प्रेमलालनं स्वतः बैलगाडी जुंपून दोघांना बालाघाटला डॉक्टर मधुकररावांकडे आणलं. भाऊ असावा तर असा, असंच अनुसयेला वाटलं.

डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली, सुखराम ओरडला. गुडघ्याखाली हातोडी मारली, तर पाय ताडकन उडाला.

"म्हंजे पाय जित्ता हाय!" अनुसया हरखली.

"पाय धडच आहे, बाई. चालायचा हुकूम मेंदूतून सुटतो, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली येतो आणि तिथून मज्जातंतूंवाटे पायात जातो. टोचलेलं वर पोचतंय. वरचा हुकूम खाली आणणारी वाट मात्र कण्यातच वाळली. रोजच्या लाखोळीनं वाळवली. ती आता पुन्हा होत नाही." मग डॉक्टर प्रेमलालकडे वळले. "मागच्या साली तुमचा दुसरा सालदार आणला होतात, तेव्हाच बजावलं होतं ना, ही डाळ कुणाला देऊ नका म्हणून?"

अनुसया गर्रकन भावाकडे वळली. "दादा, तुले ठाऊक होतं? तरीच तुह्या घरी तूर शिजते!"

"सारेच देतात," प्रेमलाल पुटपुटला.

बाहेर आल्यावर त्यानं तिला बाजूला घेतलं. वाटलं, आता रडेल, माफी मागेल. कसचं काय!

"अनुसे, गावात बोलू नको बरं. धानाची रोवणी तोंडावर आली. बाकीचे सालदार पळून जातीन."

अनुसयेनं त्याचा हात झटकला. हा आपल्याच आईच्या पोटचा?

"तुह्या घरची म्हणून निवडून, धुऊन रांधली रे मी," ती म्हणाली. "तो नको म्हणे, तरी वाढली. माह्या हातानं वाढली, दादा!"

सुखरामचा हात खांद्यावर घेऊन ती मोटार-स्टँडकडे निघाली. प्रेमलालनं गाडी जुंपून हाका मारल्या. तिनं वळून पाहिलं नाही. गावात सांजेच्या आत पोचायचं होतं, अन् दारोदार जाऊन लाखोळीचं सांगायचं होतं.