पंपघरातला उजेड

शहराला पाणी चढवणारं ते पंपघर बाहेरून बघणाऱ्याला राजवाडाच वाटायचं. चार घुमट, दारावर दगडी वेलबुट्टी, रंगीत काचांच्या उंच खिडक्या. आत ऑपरेटरनं एकतीस वर्षं काढली.

लग्नानंतर बायको दोन-तीनदा म्हणाली होती, "एकदा आत नेऊन दाखवा ना."

"काय बघायचंय? वरवरचा भपका नुसता. आत अंधार, वंगण आणि कान फुटतील असा आवाज," म्हणून त्यानं विषय झटकला. पुढे हा अंधार त्याच्या पथ्यावरच पडला. घरी आल्यावर "दिवसभर त्या बिळात राबून आलोय" म्हटलं की झालं, कोणी त्याला इकडची काडी तिकडे करायला सांगत नसे. घरात एकच मोठी खिडकी. तिच्यापाशी बायकोनं त्याची खुर्ची मांडली आणि स्वतःचं शिवणयंत्र आतल्या खोलीत, बल्बखाली नेलं.

नवं केंद्र सुरू झालं, जुनं पाडायचं ठरलं. शेवटच्या दिवशी घरच्यांना आणायची मुभा मिळाली. आता नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

बायको दारातच थबकली. सकाळचा निळा-पिवळा उजेड फरशीभर सांडला होता. लोखंडी खांबांच्या माथ्यावर पानंफुलं ओतलेली, पितळी कठडे लखलखीत. पंप बंद होते, तिच्या चपलांचा आवाजही घुमत होता. ती सगळीकडे फिरली, मग खिडकीखालच्या खुर्चीत टेकली.

"रोज इथं बसायचात?"

"हो."

"मला वाटायचं, माणूस अंधारातून येतो, घरी तरी उजेडाला बसू दे." तिचा आवाज चढला नाही. "डोळे गेले माझे त्या बल्बखाली."

"अगं, पहिल्यांदा सहज बोलून गेलो..."

"आणि नंतर?"

घरी येताच त्यानं धापा टाकत शिवणयंत्र खिडकीपाशी ओढत आणलं. ती म्हणाली, "राहू द्या. आता सुईत दोरा ओवता येत नाही मला."

इमारत पाडायच्या दिवशी त्यानं तिला चल म्हटलं.

"तुमचं होतं ते. तुम्हीच बघून या."

तो एकटाच गेला. पहिला घुमट कोसळला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं, "आतून कसं होतं हो?"

तो सांगू लागला. फरशी, खांब, काचा, काही म्हणता काही सोडलं नाही. बाई कधीच निघून गेली होती, तरी तो धुळीकडे बघत बोलतच होता.